‘आमच्याकडं आल्यात’ म्हणणाऱ्या मावशींना

मावशी,

तुमचं नाव मी विचारलंच नाही. तासभर तुमच्या घरात बसले, तुमचा चहा प्यायले, तुमच्या नातीची गणिताची चाचणी कशी गेली तेही ऐकलं, पण नाव राहून गेलं. म्हणून हे पत्र ‘दारात शेवगा असलेल्या घरातल्या मावशींना’. तुमची नात मोबाइल घेऊन बसली होती. तिच्यासमोर हे कधीतरी येईल आणि ती तुम्हाला वाचून दाखवेल, एवढ्या आशेवर लिहितेय. गावाचं नावही लिहीत नाही. तालुका माण, एवढं पुरे. पुढे तुमच्या पंचायतीबद्दल थोडं कडू लिहिणार आहे आणि तुम्हाला त्याच गावात राहायचंय.

खरं तर दुसऱ्याच दिवशी लिहायला बसले होते, पण जमलं नाही. आई पारापाशी उभी होती तेव्हाचा तिचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

आमचा म्हसोबा तुमच्या गावात, एवढंच आमचं नातं. भाऊबंदांची घरं कधीच पडली. वडील होते तोवर तेच जाऊन नारळ फोडून यायचे. ते गेल्यावर आईनं यंदा हट्टच धरला, मला जायचंय. फेब्रुवारीतला रविवार गाठून पहाटे साडेपाचला पुण्याहून निघालो. जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण, पुढे मोगराळे घाट. आई एकाहत्तर वर्षांची. गुडघे गेलेले, रक्तदाब, त्यासाठी लघवी होणारी गोळी. ती गोळी तिनं त्या दिवशी घेतलीच नव्हती, हे मला परतीच्या वाटेवर कळलं. पाणी तर आदल्या रात्रीपासून बंद. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “प्रवास आहे ना.” प्रवास म्हणजे जणू एकादशी.

तुम्हाला हे समजावून सांगायला नको. मी शिक्षिका आहे, निवडणुकीच्या ड्यूटीवर आम्ही सगळ्याजणी हेच करतो. केंद्रावर पाण्याची बाटली भरलेली नेतो आणि भरलेलीच परत आणतो.

वाटेत प्रयत्न केले नाहीत असं नाही. एका पेट्रोल पंपावर थांबलो. ‘महिला’ अशी पाटी, त्यावर साडी नेसलेल्या बाईचं चित्र, आणि खाली कुलूप. किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर जेवायला गेलेले. सकाळी पावणेनऊला! त्याच पंपाच्या फलकावर हवा, पाणी आणि स्वच्छतागृह मोफत असं लिहिलेलं होतं. हवा तेवढी मिळाली. पुढे एका धाब्यावर चहा घेतला, कारण गिऱ्हाईक असल्याशिवाय आत सोडत नाहीत. तिथे दाराला कडी नव्हती. मी बाहेरून दार ओढून धरलं, आई आत गेली आणि गेली तशी परत आली. “नको गं” एवढंच म्हणाली. आत काय होतं ते मी पाहिलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. दरम्यान भावानं एकदा गाडी कडेला लावली, बाभळीआड गेला आणि दोन मिनिटांत शीळ घालत परत आला. त्याचा काही दोष नाही. तरी त्या शिळेचा मला फार राग आला.

मग तुमचं गाव. वेशीवर कमान, ‘हागणदारीमुक्त गावात आपले सहर्ष स्वागत’. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पंचायतीच्या बाजूला ते तीन दारांचं सार्वजनिक शौचालयही दिसलं. भिंतीवर गांधीजींचा चष्मा, शेजारी खराटा घेतलेले गाडगेबाबा. पहिल्या दाराला कुलूप. दुसऱ्यात छतापर्यंत कडब्याच्या पेंढ्या. तिसरं सताड उघडं, पण भांड्यात दगड भरलेले आणि वर टाकीला नळच नाही. म्हणजे पाणी कधी आलंच नसणार. पंचायतीत एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. त्यांना विचारलं, तर पेपर खाली न करता म्हणाले, “उद्घाटन व्हायचंय अजून.” भिंतीवरच्या रंगाचे पोपडे निघाले होते, मावशी. किती वर्षं व्हायचंय ते उद्घाटन?

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. त्यांच्या नावानं राज्यात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, पुढे २ ऑक्टोबर २०१९ला अख्खा ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. माझा यातल्या सगळ्यावर राग नाही. लहानपणी रात्रीच्या एस्टीनं जाताना गाव जवळ आलं की दिव्यांच्या उजेडात रस्त्याच्या कडेला ओळीनं उठून उभ्या राहणाऱ्या, पाठ फिरवलेल्या बायका मी पाहिल्यात. “त्या अशा का उभ्या राहतात?” म्हणून मी विचारलं होतं, तेव्हा आईनं माझं डोकं मांडीवर दाबून “झोप” म्हटलं होतं. घरोघरी संडास आले हे मोठंच काम झालं. पण ज्या बाईचं त्या गावात घरच नाही, तिचा हिशेब कुणीच धरला नाही. एस्टीची वाट बघणारी, डोक्यावर बोचकं घेऊन भांडी विकायला येणारी, मेंढरांमागं फिरणारी. आणि आमच्यासारख्या, वर्षातून एकदा नारळ घेऊन येणाऱ्या.

आता पाराचं सांगते, कारण हे पत्र त्यासाठीच आहे.

भाऊ पुजाऱ्याला शोधायला गेला होता. आई म्हणाली, आता माझ्याच्यानं होत नाही. तिला हाताला धरून मी निघाले, कुठे ते मलाही माहीत नव्हतं. पारावर पाच-सहा पुरुष बसले होते. त्यांनी आपल्या गावाच्या रीतीनं विचारलं, “कुणाकडं आलायसा?” प्रश्न साधा, चांगल्या मनानंच विचारलेला. पण त्या पाच-सहा जणांसमोर, भर चौकात, मी काय सांगायचं होतं? आईनं मान खाली घातली. आयुष्यभर शाळेच्या ऑफिसात काम करून निवृत्त झालेली बाई ती, कारकुनापासून शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत कुणाला भ्यायली नाही. ती एका नैसर्गिक गोष्टीसाठी चोरी पकडल्यासारखी उभी होती. मी “ते... आम्ही...” करत राहिले.

तुम्ही समोरच्या ओट्यावर सुपात बाजरी पाखडत होतात. सूप थांबलं. तिथूनच मोठ्यानं म्हणालात, “अवो, आमच्याकडं आल्यात! कवाधरनं वाट बघतीया. या की आत, ऊन लागंल.”

सूप बाजूला ठेवून खाली आलात आणि आईचा हात माझ्या हातातून काढून आपल्या हातात घेतलात. पारावर कुणीतरी “हां हां, पाव्हणं व्हय” म्हणालं आणि त्यांचं बोलणं पुन्हा उसाच्या बिलाकडे वळलं. उंबरा ओलांडल्यावर तुमचा आवाज खाली आला. “मागल्या दारी हाय. बादली भरल्याली हाय. सावकाश होऊ द्या.” काय हवंय, का हवंय, कुठले तुम्ही, जात कुठली, यातलं काही विचारलं नाहीत. ओट्यावरून नुसतं बघून तुम्ही ओळखलंत.

मी त्या वाक्याचा किती विचार केला असेन. संडास दाखवणारं कुणी ना कुणी भेटलंच असतं. त्या पारावरचाच एखादा आजोबा म्हणाला असता, “जा की आमच्या घरी, म्हातारी हाय.” पण मग आईला सगळ्यांच्या नजरेखालून त्या कामासाठी चालत जावं लागलं असतं. तुम्ही तिला पाव्हणी करून टाकलंत. एका खोट्या वाक्यानं तिची मान वर झाली, आणि तेही असं की ते तिच्यासाठी केलंय हे तिलासुद्धा मागाहून कळलं. असं वागायला कुठे शिकवतात? मी पंचवीस वर्षं मूल्यशिक्षणाचे तास घेतलेत. त्यातला एकही तास मला पाराशी आठवला नाही.

आणि ती दोरी. आईनं बाहेर आल्यावर आधी त्या दोरीचंच सांगितलं. भांडं बैठं, गुडघे वाकत नाहीत, बसलं तर उठायचं कसं हा तिचा धसका. आत समोरच्या भिंतीत मोठा खिळा आणि त्याला बैलाचा जुना कासरा, हाताला टोचू नये म्हणून वर धडुतं गुंडाळलेला, मध्ये दोन गाठी. सासूबाईंसाठी बांधला होता म्हणालात. त्या जाऊन तीन वर्षं झाली. “सोडायचा ऱ्हायला,” असं तुम्ही म्हणालात खरं, पण ते धडुतं नवं होतं मावशी. आईच्या ते नजरेतून सुटलं नाही.

मग चहा. मग तुम्ही हौसेनं मागचे खड्डे दाखवायला नेलंत, आणि मी शहरातली शहाणी, नाक धरायच्या तयारीनं आले. वास नव्हताच. दोन शोषखड्डे, मध्ये वाट वळवायची चौकट. एक भरला की दुसऱ्यात सोडायचं, पहिला झाकून निदान वर्षभर तसाच ठेवायचा, मग उघडलं की चहाच्या भुकटीसारखं खत. सोनखत हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, शेवग्याच्या बुंध्याशी पहिल्यांदा पाहिला. सरकारचे बारा हजार मिळाले, वरचं गवंडीकाम तुमच्या मालकांनी केलं. आणि भांडं उताराचं घेतलंत, म्हणजे दीड-दोन लिटरमध्ये भागतं, कारण चैत्र लागला की तुमच्याकडे टँकर. आमच्या घरातली जुनी टाकी एका वेळी दहा लिटर ओतते. तुमची ती भरलेली बादली मला त्यानंतर जास्तच जड वाटायला लागली.

“आमच्या येळी उजाडायच्या आत न्हायतर दिस बुडल्यावर,” तुम्ही आईला सांगत होतात. “मधल्या वक्ताला पोटाची समजूत घालायची.” दोघी हसलात. मला हसू आलं नाही, पण तुमचं दोघींचं जमलं होतं, मध्ये बोलले नाही.

एका गोष्टीची माफी मागायचीय. निघताना मी पर्समधून शंभराची नोट काढली. सवयच ती, शहरात प्रत्येक दारापाशी पाच-दहा रुपये घेऊन कुणीतरी बसलेलं असतं. तुम्ही नोटेकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, “ह्यो काय एस्टी स्ट्यांड हाय व्हय?” नोट कुठे लपवू असं झालं मला. वर तुम्हीच शेवग्याच्या शेंगांची जुडी गाडीत टाकलीत. सोमवारी आमटी केली. सोनखताचं भावाला सांगितलं नाही. त्यानं दोनदा मागून घेतली.

परत आल्यावर एक गोष्ट केली, ती तुम्हाला कळवायला हवी. आमच्या सोसायटीत धुण्याभांड्याला, स्वयंपाकाला रोज पंधरा-वीस बायका येतात. त्या कुठे जातात, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “घरी गेल्यावर.” पार्किंगच्या मागे कामगारांसाठी एक संडास बिल्डरनं बांधून दिलाय. त्याला कुलूप, किल्ली चेअरमनकडे, आणि चेअरमन मुलाकडे कॅनडाला. पंपावरचा मॅनेजर निदान जेवायलाच गेला होता. कुलूप आता निघालंय. मीटिंगमध्ये “घाण कोण साफ करणार” यावर पाऊण तास गेला आणि दोघीजणी माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या आहेत. एकीच्या घरी मी दर दिवाळीला फराळ नेते. यंदा नेईन की नाही, बघू.

आई बरी आहे. घाटात तिनं बाटली मागितली आणि अर्धी संपवली. गाडीत पाणी पिताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

आता चैत्रात पुन्हा यायचं म्हणतेय. म्हसोबाचं दर्शन दुपारी घेतलं तरी चालेल, म्हणते, आधी तुमच्याकडे जाऊ. तुमच्यासाठी साडी घेऊन ठेवलीय. हिरवी की निळी यावर आमचा दोन दिवस वाद झाला. पारावर पुन्हा विचारतील, कुणाकडं आलायसा. या वेळी मला नीट उत्तर द्यायचंय, त्यासाठी नाव लागेल. तेवढं नातीकडून कळवा.

तुमच्याकडं आलेली,
पुण्याची पाव्हणी