साइडकारच्या गाड्या जप्त करण्याआधी तिसरे चाक बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माल वाहण्यासाठी साइडकार जोडलेल्या स्कूटर शहरात फार झाल्या आहेत, त्या सरसकट जप्त करून भंगारात काढाव्यात, अशी मागणी करणारे पत्र आपल्या अंकात वाचले. पत्रलेखकांची भीती खोटी नाही, पण त्यांचा सगळा रोख जादा मालावर आहे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी नोकरी गेली. माल टाकून परत निघालेली रिकामी साइडकार डाव्या वळणावर भरलेल्या साइडकारपेक्षा लवकर उलटते, हे रस्त्यावरून बघणाऱ्याला सहसा पटत नाही. म्हणून हे पत्र.

आपल्याकडे साइडकार डाव्या अंगाला असते. इंजिन आणि दोन्ही ब्रेक स्कूटरला. साइडकारच्या चाकाला बहुधा काहीच नाही. त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर पिळला की साइडकार मागे रेंगाळते आणि गाडी डावीकडे ओढते. ब्रेक दाबला की उलटे होते: स्कूटर थांबू पाहते, साइडकारमधला माल पुढे जाऊ पाहतो आणि गाडीचे तोंड उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांकडे फिरते. जोडीतला एक बैल थबकावा आणि दुसऱ्याने चालत राहावे, तसा हा प्रकार. तिसऱ्या चाकाला ब्रेक असेल तर हे बरेच कमी होते. पण खर्च वाचवायचा म्हणून सगळ्यात आधी वगळला जातो तो हाच ब्रेक.

आता वळणे. साधी स्कूटर वळताना कलते, साइडकारची गाडी कलू शकत नाही. डावीकडे वळताना सगळा भार उजवीकडे जातो आणि साइडकार रिकामी असेल तर तिचे चाक सहज उचलते. चालक घाबरून हँडल सरळ करतो आणि थेट पलीकडच्या लेनमध्ये घुसतो. उजवीकडे वळताना साइडकारचे चाक जमिनीला धरून असते, त्यामुळे चालकाला गाडी पक्की वाटते. पण माल उंच रचलेला किंवा चाकाच्या पुढे लोटलेला असेल आणि त्यात ब्रेक दाबला, तर स्कूटरचे मागचे चाक उचलून गाडी डाव्या कोपऱ्यावर तोंडघशी पडते. दोन्हीकडे वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. जड माल तळाशी आणि चाकाच्या रेषेवर किंवा जरा मागे ठेवावा. रिकाम्या फेरीला साइडकारच्या बाहेरच्या कडेला वाळूची एक गोणी टाकून ठेवावी. तिला खर्च काहीच नाही, तरी ती फार थोड्या गाड्यांत दिसते.

दुचाकीची आणखी एक सवय इथे घातक ठरते. तोल गेल्यासारखा वाटला की आपण पाय टेकवतो. इथे डावा पाय खाली गेला तर तो साइडकारच्या सांगाड्यात किंवा चाकाखाली सापडतो. पाय फळीवरच हवेत.

जुन्या बजाज स्कूटरला बायकामुलांसाठी लावलेली साइडकार अनेकांना आठवत असेल. तिच्यात वजन बेताचे आणि खाली बसलेले असे. आज तिथे वीस लिटरचे जार आणि गॅसच्या टाक्या येतात. घरगुती भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास भरते. सहा टाक्या म्हणजे एकशेऐंशी किलो, खुद्द स्कूटरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त. वर हल्लीच्या बिनगिअरच्या स्कूटरला उतारावर इंजिनाचा आधार फारसा मिळत नाही. चेतक निदान दुसऱ्या गिअरमध्ये टाकून उतरवता यायची.

जोडणीबद्दल तर बोलायलाच नको. साइडकारचे चाक पुढच्या बाजूने स्कूटरकडे किंचित वळलेले हवे आणि स्कूटर स्वतः उजवीकडे किंचित कललेली. हे जमले नाही तर हँडल सारखे एका बाजूला ओढते. त्यातच आपल्या रस्त्यांना डावीकडे उतार, त्यामुळे संध्याकाळपर्यंत चालकाचे खांदे भरून येतात. शिवाय कलणाऱ्या गाडीच्या चाकावर भार चाकाच्या रेषेत येतो, न कलणाऱ्या गाडीच्या चाकावर आडवा. स्कूटरची दहा इंची रिम आणि बेअरिंग त्या आडव्या भारासाठी बनवलेली नसतात. पत्र्याच्या बॉडीला थेट वेल्डिंग मारून साइडकार चिकटवलेली दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. वेल्डिंगच्या शेजारचा पत्रा आधी तडकतो, आणि रंगाखाली तड दिसतही नाही.

रात्रीची गोष्ट वेगळीच. मागून दिसतो स्कूटरचा एकच लाल दिवा. डावीकडून ओव्हरटेक करायची आपली पद्धत सर्वांना ठाऊक आहे. दिवा बघून कोणी मोटारसायकलवाला डावीकडून घुसतो तो सरळ साइडकारच्या पत्र्यावर. तिच्या डाव्या टोकाला दिवा आणि रिफ्लेक्टर लावायला शंभर-दोनशे रुपये पुरावेत.

कायद्याचे म्हणाल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलच्या व्याख्येतच जादा चाकाची, काढता येणारी साइडकार धरलेली आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. परवानगी नसलेल्या बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. नोंद नसलेल्या साइडकारचा अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही पहिले बोट तिथेच पडणार. म्हणून आज या गाड्या पोलीस दिसला की गल्लीत वळतात, आणि त्यांची तपासणी कुठेच होत नाही.

दिव्यांगांच्या स्कूटरला जोडलेली बाजूची चाके आरटीओ तपासून नोंदवते. दुचाकीवरच्या डब्याची मापेही केंद्राने २०२० मध्ये ठरवून दिली: लांबी ५५० मि.मी., रुंदी ५१०, उंची ५००. मग मालाच्या साइडकारची रुंदी, वजनाची मर्यादा, क्लॅम्पच्या जागा, तिसऱ्या चाकाचा ब्रेक आणि डावा दिवा हे ठरवायला काय हरकत आहे? जी गाडी यात बसणार नाही ती खुशाल उचलावी, माझी तक्रार नाही. मालवाहू रिक्षाचा हप्ता ज्याला झेपत नाही तोच ही स्कूटर चालवतो. जप्तीनंतर तो पुन्हा कर्ज काढून तशीच दुसरी बनवून घेईल.

आमच्या उद्यमनगरातल्या कारागिरांच्या हातात मापांसह नकाशा दिला तर ते मिलिमीटरला चुकणार नाहीत. आज गिऱ्हाईक त्यांना एवढेच विचारते, माल किती बसेल?

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, कोल्हापूर