दोर टाकणाऱ्या दोघांचे आणि धक्क्यावरच्या काकांचे आभार

रविवारी भर समुद्रात माझ्या होडीचं इंजिन तापून बंद पडलं. तेव्हा आपली मासेमारी सोडून मला ओढत धक्क्यापर्यंत आणणाऱ्या तुम्हा दोघांचे मनापासून आभार. नावं विचारायचं राहूनच गेलं. मधोमध सुकाणू असलेली ही १६ फुटी होडी मी जुनीच घेतलेली. इंजिनातून मागे पडणारी पाण्याची बारीक धार थांबली की लगेच इंजिन बंद करायचं, हे मला तुमच्याकडूनच कळलं. इंजिन थंड ठेवणारं पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी इंपेलर (पात्यांचं चाक) झिजला होता, नवा बसवलाय.

पण सगळ्यात मोठे उपकार धक्क्यावरच्या त्या काकांचे. कुणी न सांगता त्यांनी हातोडीच्या दांड्याने होडीची मागची फळी ठोकून पाहिली. वर टणक आवाज, खाली बोदा. फायबरच्या थरांमध्ये प्लायवुड असतं, स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजतं, आणि इंजिनाचा सगळा भार नेमका तिथेच! मला तर वरचा चकचकीत रंगच दिसत होता. काका, फळी उघडली. आतलं लाकूड बोटाने निघत होतं. पूर्ण बदलून घेतोय.

आणि दोघांनो, तुमचा दोर माझ्याकडेच राहिलाय. कुठे आणून देऊ, तेवढं कळवा.