बांधाला पैसे द्यायच्या आधी वरचा डोंगर बघा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाऊस सुरू झाला की आपल्या पेपरात दोन बातम्या ठरलेल्या असतात. एक म्हणजे आपल्या गोव्यात कुठल्यातरी गावचा खाजन बांध (खाडीकाठच्या सखल शेतीत खारं पाणी येऊ नये म्हणून घातलेला बांध) फुटला आणि खारं पाणी शेतात घुसलं, दुसरी म्हणजे नदी लाल झाली. दोन्हीचे फोटो छान येतात पण छापले जातात वेगवेगळ्या पानांवर, त्यामुळे वाचणाराही ते दोन वेगळे विषय समजतो. नदी लाल होते ती वरच्या डोंगराच्या मातीने, ती माती वाहत येऊन खाली पात्रात, खाडीत आणि आपल्या शेतांच्या पाटांमध्ये बसते, पात्र उथळ होतं, पाण्याला जायला जागा राहत नाही आणि मग भरती आणि पूर एकत्र आले की मार बसतो तो बांधालाच. आपण दरवर्षी बांधाला पैसे मागतो, गाळ उपसायला पैसे मागतो, आणि डोंगराबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. म्हणून हे पत्र. लांब झालंय, सांभाळून घ्या.

रिटायर झाल्यापासून मला अमेरिकेतल्या जुन्या शेतीबद्दल वाचायचा नाद लागलाय, घरचे हसतात, पण त्यात आपल्या कामाचं बरंच सापडतं. अमेरिकेची माती उडाली एवढं बहुतेकांना माहीत असतं, १९३५ च्या १४ एप्रिलला ओक्लाहोमा टेक्सास भागात धुळीची काळी भिंत आली होती, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २७ एप्रिलला तिथे मृदसंधारणाचा कायदा झाला आणि त्यासाठी वेगळं खातं उभं राहिलं. त्याचे प्रमुख ह्यू हॅमंड बेनेट, हे नॉर्थ कॅरोलिनातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे पोर, आणि त्यांचं म्हणणं हेच होतं की ओघळ पडलेले दिसतात पण त्याहून वाईट म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर अख्ख्या शेतावरून पातळ थर निघून जातो तो कोणाला दिसतच नाही. आपल्याकडे काजूच्या उतारावर जाऊन बघा. वेचणीला सोपं पडावं म्हणून खालचं गवत झुडूप साफ केलेलं असतं, कुठे कुठे जाळलेलंही असतं, आणि मग जूनची पहिली सर त्या उघड्या मातीवर पडते. ओघळ दिसणार नाही एकही. पण चार वर्षांनी झाडाची मुळं बाहेर आलेली दिसतात.

पण धुळीचं सोडा, आपल्याकडे धूळ उडून शेती जात नाही, पाण्याने जाते. आपल्याला जवळची गोष्ट आहे ती विस्कॉन्सिन राज्यातल्या कून व्हॅलीची. डोंगराळ भाग, गाईगुरं पाळणारे नॉर्वेहून आलेले शेतकरी, उतारावर वरून खाली सरळ नांगरायचे, चढावरच्या रानात गुरं सोडायची, आणि खाली ओढ्याला पूर आला की शेतावर हातभर गाळ. १९३३ ला सरकारने पहिला प्रयोग इथे केला, आणि तो एका शेतावर केला नाही, अख्ख्या पाणलोटावर केला. म्हणजे डोंगरमाथ्यापासून ओढ्यापर्यंत जेवढं पाणी एका जागी येतं तेवढी सगळी जमीन एकत्र धरली. शेतकऱ्याने पाच वर्षांचा करार करायचा, सरकारने बी, चुना, खत, कुंपणाची तार आणि मजूर द्यायचे, त्यासाठी सरकारी कॅम्पमधली बेकार पोरं कामाला लावली होती. शेतकऱ्याने काय करायचं तर नांगर उताराला आडवा फिरवायचा, मक्याचा एक पट्टा मग गवताचा एक पट्टा असं आलटून पालटून लावायचं, आणि चढावरच्या रानातून गुरं बाहेर काढायची. सुरुवातीला साधारण निम्म्याच शेतकऱ्यांनी सह्या केल्या. बाकीचे कडेला उभे राहून बघत होते, शेतकरी असाच असतो. नंतर त्यांचं बघून इतरांनीही आडवे पट्टे टाकले, आणि पुढे कित्येक वर्षांनी त्या खोऱ्यात मापं घेतली तेव्हा पुराच्या पाण्याबरोबर साचणारा गाळ तीसच्या दशकाच्या मानाने खूपच कमी झालेला निघाला.

आता मला जे सांगायचंय त्याच्याकडे येतो. त्या लोकांनी हे काम वॉशिंग्टनच्या साहेबांच्या हातात ठेवलं नाही. १९३७ ला अध्यक्ष रूझवेल्टनी सगळ्या राज्यांच्या गव्हर्नरना एक नमुना कायदा पाठवला. त्यात असं होतं की पंचवीस शेतकऱ्यांनी अर्ज केला की सुनावणी घ्यायची, मग मतदान, आणि मग त्या भागाचा मृदसंधारण जिल्हा होणार, त्याला पाच जणांची कमिटी, त्यातले तीन शेतकऱ्यांनी निवडलेले. ह्या कमिटीला पगार नाही, फक्त खर्चापाण्याचं. आणि मतदार कोण, तर जमीन ज्याच्या ताब्यात आहे तो, मालक असो की खंडाने करणारा असो! आपल्याकडे भाटकार (जमीनमालक) आणि कूळ ह्यांच्यात अर्धं शतक कोर्टात गेलं त्यामुळे ही ओळ वाचून मी दोनदा चष्मा पुसला. सगळ्या राज्यांनी ते जसंच्या तसं घेतलं नाही, काहींनी फक्त मालकांनाच मत दिलं, पण नमुना तर तसा होता. पहिला जिल्हा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेनेटच्या स्वतःच्या मुलखात झाला, दहा वर्षांत सगळ्या ४८ राज्यांत कायदे झाले, आणि आज असे ३००० च्या आसपास जिल्हे आहेत. सरकारी माणूस यायचा तो लेव्हल (उतार मोजायचं यंत्र) घेऊन, खुंट्या मारून द्यायला आणि विमानातून काढलेल्या फोटोवर तुमच्या शेताचा नकाशा करून द्यायला. जमिनीचे आठ वर्ग पाडलेले, पहिल्या चारात पीक घ्या, पुढच्या चारात नांगर घालू नका, गवत किंवा झाडं ठेवा. करायचं की नाही ते ठरवायचा शेतकरी, आणि त्याला गळ घालायला यायचा त्याचाच शेजारी.

सक्तीची तरतूद कायद्यात होती, बहुतेक ठिकाणी ती कोणी वापरली नाही.

आता १९५४. मला विचाराल तर ह्या सगळ्या कहाणीत गोव्याच्या कामाची खरी गोष्ट हीच. ४ ऑगस्टला आयसेनहॉवरनी छोट्या पाणलोटांचा कायदा सही केला. आधी मोठ्या नद्यांवर मोठी धरणं बांधायचा सपाटा चालला होता, त्याच्या उलट हे, वरच्या अंगाला ओढ्यांवर छोटे छोटे मातीचे बंधारे. एका योजनेत जास्तीत जास्त अडीच लाख एकर, म्हणजे साधारण १०१२ चौरस किलोमीटर. आपल्या झुआरी नदीचं अख्खं खोरं एवढ्यात बसतं. अर्ज स्थानिक संस्थेनेच करायचा, जमीन तिनेच मिळवून द्यायची, नंतरची देखभालही तिचीच. आणि त्यात एक अट घातली होती की बंधाऱ्याच्या वर जेवढी जमीन आहे तिच्यातल्या निदान ५० टक्के जमिनीच्या मालकांनी मृदसंधारणाचे करार केलेले असले पाहिजेत, तरच केंद्राचे पैसे. कारण सरळ आहे, वरून माती येतच राहिली तर बंधारा वीस वर्षांत गाळाने भरणार आणि बांधलेला पैसा पाण्यात. कंत्राटदाराला ही अट आवडणार नाही हे उघड आहे.

अशी अट आपल्याकडे असती तर? कुठल्याही खाजन बांधाच्या कामाचं टेंडर काढायच्या आधी कोणीतरी विचारलं असतं की बाबांनो ह्या खाडीत जे पाणी येतं त्या डोंगरावर काय चाललंय, तिथे जेसीबी लावून प्लॉट पाडतायत का, खाणीचा डंप उघडा पडलाय का, काजू रबराचा उतार मोकळा आहे का. डिचोली, सत्तरी, सांग्यात खाणींच्या मातीने शेतं कशी बसली हे नव्याने सांगायला नको. एक खातं बांध बघतं, दुसरं शेती, तिसरं जंगल, चौथं घरांचे परवाने, आणि पाणी मात्र ह्या चौघांच्या हद्दीतून एकाच दमात खाली येतं. आमच्या कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) वरच्या टेकडीवर कोणीतरी रस्ता काढला तेव्हापासून झरीचा पाट दर पावसात गाळाने भरतो आणि सुपारीला पाणी लावायच्या आधी पाट उपसायला माणसं शोधावी लागतात, ती मिळत नाहीत. तक्रार कुठे करायची हे विचारायला गेलो तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. असो.

गंमत म्हणजे स्थानिक संस्था हा प्रकार आपल्याला शिकवायला अमेरिकन लागतच नाहीत. गांवकारी (गावकऱ्यांची सामायिक संस्था) होती ना. पोर्तुगीज यायच्या आधीपासून गावची जमीन, बांध, मानस (बांधातली दारांची मोरी), पाट सगळं गांवकारी बघायची, बांधाला भोक पडलं की अख्खा गाव धावायचा. मानशीची दारं भरतीच्या दाबाने आपोआप बंद होतात आणि ओहोटीला उघडतात, बिनइंजिनाची बिनलाइटीची वस्तू आहे, पण तिच्यावर रोज कोणाची तरी नजर लागते. पुढे पोर्तुगिजांच्या काळात तिचीच कोमुनिदाद झाली, मग १९६४ चा कूळ कायदा आला, तो यायलाच हवा होता ह्यात वाद नाही, पण बांधाची जबाबदारी मग कुळांच्या संघटनांकडे गेली आणि बऱ्याच गावात ती संघटना म्हणजे मानशीच्या मासळीची पावणी (लिलाव) करण्यापुरती उरली. ह्या सगळ्यात डोंगर कोणाच्याच यादीत नव्हता. तेव्हा डोंगरावर रान होतं म्हणून चालून गेलं. शेजारी मुंबई राज्यात १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्याखाली समतल बांधबंदिस्तीची कामं निघाली, आपण १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे, त्यामुळे ती गाडी आपली चुकली.

उद्या कोणी उठून अमेरिकेतलं सगळं जसंच्या तसं आणा म्हणेल, तर त्यालाही माझा विरोध आहे. पश्चिम ओक्लाहोमात वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्याकडे सुमारे ३०००, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यात. तिथल्यासारखे बंद टोकाचे मातीचे वरंबे इथे काढले तर जुलैत भरून फुटतील आणि आडव्या वरंब्याऐवजी एक नवा ओहोळ तयार होईल. इथे हलका उतार देऊन जादा पाणी दगडी सांडीतून काढावं लागतं, वर जांभ्याच्या सड्यावर चर मारताना बघून मारावे लागतात, आणि उतारावर वाळा किंवा दाट गवत हेच सर्वात स्वस्त पडतं. कृषी खात्यातले जुने लोक हे सगळं जाणतात, त्यांना विचारायला कोणी जात नाही एवढंच.

आणि अमेरिकनांनीही पुढे माती खाल्लीच. सत्तरच्या दशकात धान्याचा भाव चढला, कृषिमंत्री अर्ल बट्झ म्हणाले जास्त पेरा, मग मोठ्या ट्रॅक्टरना वळायला अडचण होते म्हणून लोकांनी बापाने घातलेले वरंबे मोडले, वारा अडवायला लावलेल्या झाडांच्या रांगा उपटल्या. शेवटी १९८५ ला कायदा करावा लागला की सहज धुपणाऱ्या जमिनीवर प्लॅनशिवाय पीक घेतलं तर सरकारी मदत बंद. त्या छोट्या धरणांचंही वय झालं, पन्नास वर्षांचा हिशेब धरून बांधलेली, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीच्या पावसात त्याच कून व्हॅलीच्या वरची धरणं फुटली. म्हणजे देखभालीला पुढच्या पिढीत माणूस कोण, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. आपल्याकडे तर पोरं जहाजावर किंवा लंडनला, शेतात बिहारी झारखंडी कामगार, त्यामुळे कमिटी केली तरी मीटिंगला येणार कोण हे मलाही कळतं. तरीपण पंचायतीच्या हद्दी धरून बसण्यापेक्षा एका ओहळाच्या पाण्यावर जेवढे वाडे आहेत त्यांची एक कमिटी, तिच्यात कूळ, भाटकार, कोमुनिदाद आणि वरचा काजूवाला सगळे, आणि सोबत लेव्हल घेऊन फिरणारा एक सरकारी माणूस, एवढं एका तालुक्यात करून बघायला काय हरकत आहे? पैसे नवीन लागणार नाहीत, गाळ उपसण्यावर जातात त्यातलेच थोडे वर वळवा.

जाता जाता आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी फुटलेल्या बांधाची बातमी करायला जाल तेव्हा फोटो काढून परत न येता ओहळ धरून वर चढा, जिथे लाल पाणी सुरू होतं तिथपर्यंत, आणि तो सर्व्हे नंबर छापा.

पत्र जागेअभावी कापावं लागलं तर अमेरिकेचा इतिहास खुशाल कापा, पन्नास टक्क्यांची अट तेवढी ठेवा.

आपला,
एक बागायतदार वाचक, सत्तरी