अलंकाराचे नाव नंतर, चित्र आधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्राथमिक शाळेत कवितेतील अलंकारिक भाषेची ओळख बहुधा परीक्षेच्या अंगाने करून दिली जाते. ‘जणू’ आले की उत्प्रेक्षा, ‘सारखा’ किंवा ‘परी’ आले की उपमा, एवढ्या खुणा पाठ करून मुले गुण मिळवतात आणि खूण नसलेली ओळ समोर आली की तिथेच अडखळतात.

बहिणाबाई चौधरींच्या ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ या ओळीत अशी एकही खूण नाही; तिथे मनाला थेट ढोरच म्हटले आहे. शहरातल्या मुलाने पिकात शिरलेले ढोर कधी पाहिलेलेच नसते, त्यामुळे हिरवे उभे पीक, त्याला चटावलेले जनावर आणि हाकलून हाकलून दमलेला राखणदार हे चित्र शिक्षकांनी आधी रंगवले पाहिजे. त्यानंतर ‘अभ्यासाला बसल्यावर तुमचे मन कुठे कुठे जाते?’ एवढेच विचारावे. ‘किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर’ या पुढच्या ओळीचा अर्थ मुले आपापल्या अनुभवातून सांगू लागतात. रूपक हे नाव त्यानंतर सांगितले तरी काही बिघडत नाही.

बालकवींचा औदुंबर पाण्यात पाय टाकून बसला आहे, हे वाचून एखाद्या मुलाने ‘झाडाला पाय कुठले?’ असे विचारले, तर तो प्रश्न कृपया हसण्यावारी नेऊ नये. कवितेत शिरण्याची वाट तिथूनच सुरू होते. पाय म्हणजे मुळे, की पाण्यात पडलेली सावली, यावर वर्गात खुशाल वाद व्हावा. गाइडमधले एक तयार वाक्य फळ्यावर लिहून दिले की तो वाद कायमचा थांबतो, याचे मला फार वाईट वाटते.

खरे तर मुलांना ही भाषा परकी नाही. ‘सूपभर लाह्या, त्यात एक रुपया’ हे कोडे घातले की शाळेत न गेलेले मूलही आभाळाकडे बोट दाखवते. घरातली अशी कोडी कवितेच्या तासाला आधी यावीत.

आपल्या बालपुरवणीत दर आठवड्याला कवितेची एक ओळ छापून, ‘अलंकार ओळखा’ऐवजी ‘तुला काय दिसले?’ असे विचारावे आणि मुलांनी पाठवलेली निरनिराळी उत्तरे प्रसिद्ध करावीत, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जळगाव