थांबलेल्या गाडीच्या पलीकडे

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

गाडी घेतलीस, फोटो पाहिले, पेढे वाडीभर वाटून झाले. आजीने मात्र एकच विचारलं, "पोरगी हॉर्न वाजवते की थांबते?" तिला हे का सुचलं ते फोनवर सांगत नाही, तिथे तू "हो बाबा, कळलं" म्हणून मोकळी होतेस.

गेल्या मंगळवारी ती तिठ्यावर पडवळं विकून परत येत होती. झेब्राचे पट्टे पावसाने निम्मे पुसलेत, तरी ती तिथूनच येते. कडेच्या लेनमधला टेम्पोवाला थांबला, भला माणूस, हाताने "या आजी" म्हणाला. आजी निघाली. टेम्पोच्या तोंडापलीकडे डोकं काढते तोच डिव्हायडरच्या बाजूच्या लेनमधून एक मोटार सुसाट गेली. काठीला धक्का लागून ती लांब उडाली, आजी जागच्या जागी. घरी येऊन पडवीत बसली, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "तो थांबला नसता तर मी निघालेच नसते."

एकोणतीस वर्षं एसटी चालवली मी, पण हे इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही. उतरलेला प्रवासी गाडीच्या पुढून पलीकडे धावतो, तेव्हा मागून येणाऱ्याला तो दिसत नाही आणि त्याला मागचा दिसत नाही. मी खिडकीतून ओरडायचो, "गाडी जाऊ दे, मग जा!" शाळेची पोरं ऐकायची, मोठी माणसं क्वचितच. तेव्हा हायवे दोन लेनचा होता. आता चौपदरीत प्रत्येक थांबलेल्या गाडीआड आणखी एक लेन लपलेली असते.

म्हणून शेजारच्या लेनमधली गाडी उगाच हळू झाली, की तिच्यापुढे माणूस आहे असंच धर आणि तूही थांब. 60 च्या वेगाने गाडी सेकंदाला 16-17 मीटर जाते, म्हणजे दीड एसटी. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच एवढं अंतर संपतं, ब्रेक लागतो तो त्यानंतर. ओल्या रस्त्यावर तर विचारूच नकोस.

आणि थांबलीस तरी हाताने कुणाला बोलावू नकोस. तुझ्या हातावर विसंबून माणूस पलीकडची लेन बघायची विसरतो. डिपरही मारू नकोस, म्हणजे पुढच्या दिव्यांची उघडझाप. आम्हा ड्रायव्हरांत त्याचा अर्थ "मी येतोय, बाजूला हो", आणि म्हाताऱ्यांना तो "या" वाटतो. 2017 च्या नियमावलीप्रमाणे सिग्नल नसलेल्या झेब्रावर पायी माणसाला आधी वाट द्यायची असते. तुझ्या लायसन्सच्या परीक्षेत हे आलंही असेल. 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यांतली 32,825 पायी चालणारी. पेपरात वाचलं तेव्हा मला तिठाच दिसला.

"खाली मोरी आहे, तिथून जा," असं सांगणारे भेटतात. मोरी अर्ध्या किलोमीटरवर, आणि आता तिथे गुडघाभर पाणी. पाटी डोक्यावर घेऊन एकदा त्यांनीच जाऊन यावं!

चतुर्थीच्या आदल्या दिवशी निघशील तर उजेडात पोचशील अशा बेताने नीघ. जुन्या काठीचं टोक फुटलं, मी नवी आणलीय. आजीला ती आवडली नाही. दुर्वा आणायला मात्र तुझ्याच गाडीतून जाणार म्हणते, आणि तेही पुढच्या सीटवर बसून.

तुझे बाबा