शाम्पूच्या पुडीचे कौतुक, रिकाम्या पुडीचे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत तमिळनाडूतल्या कडलूरच्या शाम्पू-उद्योजक सी. के. रंगनाथन यांच्यावरचा लेख वाचला. १९८३ साली १५ हजार रुपये घेऊन भावांच्या ‘वेल्व्हेट’ शाम्पूच्या धंद्यापासून वेगळे झाले, ‘चिक’ शाम्पू काढला, त्यातून पुढे ‘केविनकेअर’ कंपनी. माणसाच्या कर्तबगारीबद्दल माझा वाद नाही. पण शाम्पू पुडीत भरायची कल्पना वडिलांची, चिन्नी कृष्णन यांची. ‘चिक’ हे नावही त्यांच्याच नावावरून. हमालाला, रिक्षावाल्याला परवडेल असा माल काढायचा हा हट्ट त्यांचा. त्यांची मात्र तुमच्या लेखकाने एका ओळीत बोळवण केली. बाप बिचारा लवकर गेला, आता भांडायला येणार नाही.

त्याहून राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. पाच रिकाम्या पुड्या आणून द्या आणि एक चिक फुकट न्या, अशी योजना रंगनाथन यांनी चालवली. सुरुवातीला तर कुठल्याही कंपनीच्या पुड्या चालत, नंतर फक्त चिकच्या. लेखकाने याला ‘अभिनव मार्केटिंग’ म्हटले आणि थेट कोटींच्या उलाढालीवर उडी मारली. योजना दुसऱ्याचे गिऱ्हाईक तोडण्यासाठी होती, पर्यावरणासाठी नव्हती, एवढे मलाही कळते. पण रिकाम्या पुडीला मोल दिले की लोक ती जपून परत आणतात, हे त्यातून दिसले की नाही? मग आज माझ्या दुकानातून एकही कंपनी ती परत का घेत नाही, एवढे तरी विचारायचे!

माझे तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे. गल्ल्यावर शाम्पूच्या माळा लोंबतात, मागेल तशा कात्रीने कापून द्यायच्या. २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली आणि पाठोपाठ पथक आले. साखरेच्या पोत्यामागे कॅरीबॅगांचा जुना गठ्ठा सापडला. बंदीआधी घेतलेला, टाकायचा कुठे म्हणून पडून राहिलेला. ५ हजारांची पावती फाडली. पावती लिहिताना माळ सारखी साहेबांच्या कपाळाला लागत होती, तर त्यांनी ती हाताने अलगद बाजूला केली. मी म्हटले, “साहेब, हे काय कापड आहे का?” तर म्हणाले, “ते कंपनीचं पॅकिंग आहे, ते चालतं.”

चालतं म्हणे! दुधाची पिशवी भंगारवाला निदान घेतो तरी. या पुडीला आतून चमकीचा थर आणि वरून प्लास्टिक, तिला तो हात लावत नाही. पावसाळ्यात गटार तुंबून पाणी माझ्या ओट्याला लागते आणि वर शेजारी ऐकवतात, “शेठ, तुमचाच माल आहे.” नफा कंपनीचा, दंड माझा आणि गटार सगळ्या आळीची.

जाता जाता आणखी एक. गेल्या महिन्यात तुम्हीही पहिल्या पानावर केसांच्या तेलाची फुकट पुडी चिकटवली होती. ती ओढून काढताना खालची कांद्याच्या भावाची बातमी अर्धी डिंकाबरोबर गेली. अंकाचे पैसे परत मागत नाही. उरलेली अर्धी बातमी कुठे वाचायची, तेवढे कळवा.

आपला,
एक किराणा दुकानदार, जि. सोलापूर