रविवारी उपासनेनंतर थांबा

सर्व बंधुभगिनींना जय ख्रिस्त.

येत्या रविवारी उपासना संपल्यावर लगेच घरी पळू नका. वडील मंडळी, तरुण संघ, महिला संघ, सगळ्यांनी पाऊण तास थांबायचं आहे. पाळकसाहेबांच्या हाताखाली माणसं कशी तयार करायची, एवढंच बोलायचं आहे.

दिवाळी झाली की आपली कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात. मग पाच-सहा महिने फडावर, कोप्यांत (तिथल्या झोपड्यांत) प्रार्थना कोण घेतं? बाप्तिस्मा झालेली पोरं तिथं पवित्र शास्त्रापासून तुटतात आणि परत येतात ती मागच्या बाकावर. इकडे पाळकसाहेब एकटेच गावोगाव फिरतात, आणि ‘आमच्याकडे आलेच नाहीत’ ही तक्रार आपलीच. (मीही केली आहे.)

बायबलमधला मोशेही असाच एकटा दमला होता. सासरे इथ्रो यांनी त्याला हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेमायला सांगितलं. निर्गम, अध्याय १८ घरून वाचूनच या.

म्हणून ऊसतोडीच्या प्रत्येक टोळीमागे प्रार्थना घेणाऱ्याचं एक नाव हवं. बाईचं सुचलं तरी बिनधास्त सांगा. फक्त भावकी पाहून नावं देऊ नका. चहा आहे.

– सचिव, मंडळी